घोड्याचा रंग आणि घराण्याचा दाखला

चार्ल्स डार्विनच्या 1859 सालच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात काठियावाडी घोड्याचा उल्लेख आहे. हिंदुस्थान सरकारसाठी या घोड्यांची पाहणी करणाऱ्या कर्नल पूल नावाच्या अधिकाऱ्याकडून डार्विनला माहिती मिळाली होती. या घोड्यांच्या कण्यावरून एक काळसर पट्टा जातो, पायांवर बहुधा आडवे पट्टे असतात, खांद्यावरही सर्रास असतात. आणि ज्याच्या अंगावर पट्टे नाहीत तो घोडा तिथे अस्सल मानत नाहीत. शिंगराच्या अंगावर पट्टे ठळक असतात आणि म्हातारपणी कधी कधी पार पुसून जातात, हेही त्या नोंदीत आहे.

डार्विनला यातून घोडा, गाढव आणि झेब्रा यांचे मूळ एक असल्याचे दाखवायचे होते. मला ही नोंद दुसऱ्याच कारणासाठी मोलाची वाटते. काठेवाडात अंगावरची खूण अस्सलपणाची साक्ष होती. पुढे ऐंशी वर्षांनी टेक्सासमध्ये अंगावर पांढरे जास्त आहे म्हणून अव्वल घोडा-घोडीच्या पोटचे शिंगरू भेसळीचे ठरू लागले. निकाल दोन्हीकडे डोळ्यांनीच दिला होता. घोड्यांच्या जातींच्या वंशनोंदींचा, म्हणजे स्टड बुकांचा, गेल्या दोन शतकांचा इतिहास या डोळ्यांवरच्या भरवशाचा आहे, आणि तो भरवसा हळूहळू सुटत गेल्याचाही.

मी पशुवैद्यक. नोकरीचा बराच काळ पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मांवर गेला. रेसच्या घोड्यांची नोंद ठेवणारी ‘स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया’ पुण्यातच आहे. शिंगरू जन्मले की त्याची ओळखपत्रिका भरायची असते. छापील कागदावर घोड्याची दोन्ही बाजूंची, तोंडाची आणि पायांची रेखाकृती असते. जिथे पांढरे असेल तिथली कड लाल शाईने काढायची आणि प्रत्येक भोवऱ्याच्या जागी काळ्या शाईने फुली मारायची. काम सोपे दिसते, पण सोपे नाही. पाय चिखलाने माखलेले असतील तर आधी धुऊन घ्यावे लागतात, नाहीतर पांढरे कुठे संपते ते कळत नाही. खुराच्या वरच्या कडेवर एखादा काळा ठिपका आहे का, कपाळावरचा टिळा डाव्या डोळ्याकडे झुकतो का, दोन नाकपुड्यांमध्ये गुलाबी कातडे आहे का, हे सगळे बघायचे. पुढे करडे होणारे शिंगरू जन्मते काळे किंवा तांबडे. त्याच्या पापण्यांभोवती पांढरे केस उगवू लागलेत का, ते वाकून पाहावे लागते.

तबेल्यातले जुने मोतद्दारही तेच भोवरे बघत असत, पण त्यांची नजर निराळी. गळ्याखालचा देवमण दिसला की ते खूश होत. डोळ्याखाली आसूढाळ दिसला की गप्प होत. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या पंचकल्याणी शिंगराभोवती सगळा तबेला गोळा होई. माझ्या कागदावर मात्र देवमण आणि आसूढाळ यांना एकसारखीच काळी फुली मिळत असे. मला त्या समानतेचे फार समाधान वाटे. घोड्याची खूण नोंदवणे वेगळे आणि त्या खुणेवरून घोड्याचा निवाडा करणे वेगळे, हे मी त्या कागदावर शिकले.

खूण नोंदवण्याची गरज जुनी आहे. मुघल फौजेत घोड्याला डाग देत आणि त्याचा ‘चेहरा’, म्हणजे रंग-खुणांचे वर्णन, कागदावर उतरवून ठेवत. हजेरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर मरतुकडा न्यायचा, ही लबाडी त्यामुळे पकडता येई. वंशाची नोंद ही त्यानंतरची गोष्ट. इंग्लंडमध्ये जेम्स वेदरबीने 1791 साली थरोब्रेड घोड्यांच्या ‘जनरल स्टड बुक’चा प्रास्ताविक खंड काढला आणि 1793 मध्ये पहिला खंड. रेसच्या मैदानावर घोड्यांच्या घराण्यांबद्दल थापा फार चालत. त्या थापांना आळा बसावा, हा हेतू होता. रंगाची अट त्या नोंदीत नव्हती. आई कोण आणि बाप कोण, एवढाच प्रश्न होता.

पण आईबाप कोण हे सिद्ध कसे करायचे? मालकाचा शब्द, घोडी कधी दाखवली त्याची वही, आणि शिंगराचा रंग. तिसरा पुरावा किती पक्का, हे 1906 साली समोर आले. चार्ल्स हर्स्ट या इंग्रज संशोधकाने वेदरबींच्या जाडजूड खंडांतून जोड्या आणि त्यांची शिंगरे शोधून काढली आणि ‘चेस्टनट’ हा रंग मेंडेलच्या नियमाने चालतो असे दाखवले. तांबडे अंग आणि काळी आयाळ-शेपूट असलेल्या दोन ‘बे’ घोड्यांच्या पोटी अंगासह आयाळही तांबूस असलेले चेस्टनट शिंगरू येऊ शकते. दोन चेस्टनटांच्या पोटी मात्र बे येत नाही. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांना हे पटले नाही. नोंदींतली अपवादाची उदाहरणे शोधण्यासाठी त्यांनी तेच खंड पुन्हा उपसायला घेतले आणि त्याच वर्षी, ते काम चालू असतानाच, ते वारले. अपवाद होते, पण मूठभर, आणि त्यांच्यामागे बहुधा नोंद करणाऱ्याच्या चुका होत्या. म्हणजे रंगाची साक्ष काही बाबतींत खरोखरच ग्राह्य होती. दोन चेस्टनटांचे म्हणून दाखवलेले बे शिंगरू आले, तर नोंद करणाऱ्याने भुवई उंचावणे रास्तच होते.

हीच रास्त शंका पुढे आंधळी कशी झाली, ते अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्सच्या बाबतीत दिसते. हा पाव मैलाच्या धावेसाठी आणि गुरे राखण्यासाठी घडलेला आखूड, भरीव, चलाख घोडा. 1940 साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथे त्याची संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी तिथल्या प्रदर्शनात जो नर घोडा पहिला येईल त्याला नोंदवहीत पहिला क्रमांक द्यायचा, असे ठरले. तो मान किंग रँचच्या विम्पी या तांबूस घोड्याला मिळाला. आज ही जगातली सर्वांत मोठी जातनोंदणी आहे.

संस्थापकांची अडचण समजून घ्यायला हवी. त्यांच्या हातात जुन्या वह्या नव्हत्या. रँचवरच्या घोड्यांचे वंश तोंडी चालत आलेले. अशा वेळी त्यांनी एक कुंपण रंगाचे घातले. अबलख, म्हणजे अंगावर मोठाले पांढरे पट्टे असलेले, आणि अॅपलूसासारखे ठिपकेवाले घोडे बाहेर ठेवले. अबलख घोड्याकडे तेव्हा सर्कशीतला किंवा कुठल्यातरी आडगावचा तट्टू म्हणून पाहिले जाई. पुढे नियम आणखी बारीक झाला. पायावर ठरावीक रेषेच्या वर किंवा तोंडावर ठरावीक रेषेच्या मागे पांढरा केस गेला आणि त्याखालचे कातडे गुलाबी असले, तर नोंद नाही.

शिंगरांनी मात्र हा नियम पाळला नाही. नोंदलेला घोडा, नोंदलेली घोडी, दोघेही अंगाने एकरंगी, आणि पोटी अबलख शिंगरू. अशा शिंगरांना तिकडे ‘क्रॉप-आउट’ म्हणू लागले. त्याचे कारण आज ठाऊक आहे. पांढऱ्या पट्ट्यांची काही जनुके एखाद्या घोड्यात कपाळावरच्या रुंद पट्ट्याइतकीच उमटतात आणि त्याच्याच पिलात सबंध कुशीवर पसरतात. त्या काळात हे कुणाला माहीत नव्हते. मालकाची लबाडी किंवा कुंपण ओलांडून आलेला परका नर, एवढ्याच दोन शक्यता लोकांना सुचत. मालक असे शिंगरू गाजावाजा न करता कागदाविना विकून टाकत. सख्खा भाऊ नोंदवहीत आणि हे बाहेर.

1962 साली टेक्सासमधल्याच गेन्सव्हिल गावी रेबेका टायलर या बाईंनी समविचारी लोकांना जमवले आणि अशा बाहेर टाकलेल्या घोड्यांसाठी वेगळी संघटना काढली. पहिले वर्ष संपले तेव्हा नोंदलेले घोडे सुमारे 250 होते. पहिला क्रमांक ‘बँडिट्स पिंटो’ या काळ्या-पांढऱ्या अबलख घोड्याला मिळाला. आणखी एका संघटनेशी 1965 साली एकीकरण होऊन तिची ‘अमेरिकन पेंट हॉर्स असोसिएशन’ झाली. टायलरबाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. लोक ज्या घोड्यांना लपवत होते त्यांना त्यांनी नाव आणि कागद दिला. पण इतिहास इथेही एक धडा देतो. पेंट घोड्यांच्या जोडीला एकरंगी शिंगरू झाले, तर ते मुख्य नोंदीत न जाता वेगळ्या, दुय्यम नोंदीत जाऊ लागले. कुंपण मोडून बाहेर पडलेल्यांनीही नवे कुंपण रंगाचेच घातले.

क्वार्टर हॉर्सच्या नियमातला सर्वांत उघड अन्याय मलईच्या रंगाच्या घोड्यांवर झाला. सोनेरी अंगाचा आणि पांढऱ्या आयाळीचा पॅलोमिनो तर अमेरिकेचा लाडका. रॉय रॉजर्सचा ट्रिगर हा घोडा चित्रपटांमुळे घराघरांत पोचला होता. पॅलोमिनोला नोंदवहीत मुक्तद्वार होते. आता पॅलोमिनो हा चेस्टनट घोडाच, फक्त त्याच्यात रंग फिका करणाऱ्या ‘क्रीम’ जनुकाची एक प्रत असते. दोन पॅलोमिनोंची जोडी लावली तर सरासरीने चारांतले एक शिंगरू दोन प्रती घेऊन येते. त्याचे अंग मलईसारखे, कातडे गुलाबी आणि डोळे निळे असतात. हा क्रेमेलो. त्याला ‘अल्बिनो’ म्हणून बाहेर ठेवले जाई. वास्तविक क्रेमेलोच्या कातड्यात आणि डोळ्यांत रंगद्रव्य असते. आईबाप दोघेही मान्य, जोडी मान्य, आणि त्या जोडीतून हिशेबाने येणारे चौथे शिंगरू अमान्य! शिवाय क्रेमेलो घोडा चेस्टनट घोडीला दाखवला तर प्रत्येक शिंगरू पॅलोमिनो होते. म्हणजे बाजाराला जो रंग हवा होता तो खात्रीने देणारा घोडाच नोंदवहीबाहेर उभा होता.

हे चित्र बदलले ते प्रयोगशाळेमुळे. आधी रक्तगट तपासणी आली, मग आयाळीच्या मुळासकट उपटलेल्या चार-दोन डझन केसांतून डीएनए काढून आईबाप ठरवता येऊ लागले. परक्या नराची शंका कागदावर निकालात निघू लागली. मग पांढऱ्या केसांची रेषा कशासाठी? 2003-2004 च्या सुमारास क्वार्टर हॉर्स संघटनेने क्रेमेलोंना दार उघडले आणि जास्त पांढऱ्यावरची बंदीही उठवली. आईबाप नोंदलेले असावेत आणि ते डीएनएने सिद्ध व्हावे, एवढी अट उरली. वेदरबीने 1791 मध्ये जो प्रश्न विचारला होता, तोच एवढ्या वळणांनी पुन्हा मूळ जागी आला.

जुन्या नियमाच्या बाजूने एक गंभीर मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. काही पांढऱ्या रंगांच्या मागे खरेच दुखणे असते. ‘फ्रेम’ नावाच्या पांढऱ्या नक्षीचे जनुक आईबाप दोघांकडूनही आले, तर शिंगरू जवळपास पूर्ण पांढरे आणि निळ्या डोळ्यांचे जन्मते, पण त्याच्या आतड्यात मज्जापेशी नसतात. पहिली लेंडी बाहेर पडत नाही. पोट फुगते, कळा येतात, आणि दोन-चार दिवसांत ते मरते. यावर उपाय नाही. पशुवैद्याच्या आयुष्यात यासारखी असहाय वेळ दुसरी नसते. 1998 साली यामागचा जनुकदोष सापडला. तेव्हापासून जोडी लावण्याआधी तपासणी करून हे मरण टाळता येते. तपासणीतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे हे जनुक जवळजवळ एकरंगी दिसणाऱ्या घोड्यातही लपलेले असू शकते. म्हणजे रेषा आखून अबलख घोडे हाकलले तरी दोष आतच राहणार होता. डोळ्यांना जे पकडता येत नव्हते ते चाचणीने पकडले.

याहून कडक पुरावा क्वार्टर हॉर्सच्याच घरात आहे. 1969 साली जन्मलेला इम्प्रेसिव्ह हा घोडा रंगाने तांबूस, नियमात चोख बसणारा, आणि स्नायूंनी असा भरलेला की प्रदर्शनात त्याच्यापुढे कोणी टिकेना. 1974 मध्ये तो जगज्जेता ठरला. त्याला दोन हजारांहून जास्त शिंगरे झाली. त्यांच्यातून स्नायूंचा एक आनुवंशिक आजार जातीत पसरला. अंग थरथरते, घोडा अचानक कोसळतो, कधी मरतो. 1992 मध्ये त्याचे जनुक सापडले. दोषाच्या दोन्ही प्रती असलेल्या शिंगरांची नोंद बंद व्हायला मात्र 2007 साल उजाडले. संघटनेचे पंच गुडघ्यावरचा पांढरा केस शोधत होते, त्या काळात आजार निर्दोष रंगाच्या, पदक मिळवलेल्या घोड्याच्या रक्तातून आत येत होता. रंगाच्या कुंपणाविरुद्ध मला एकच पुरावा द्यायचा झाला, तर मी हा देईन.

थरोब्रेडांच्या जगाने हा प्रश्न तुलनेने शांतपणे हाताळला. तिथे रंगाची अट नसली तरी पांढरे शिंगरू ही अचंब्याचीच गोष्ट होती. अमेरिकेत 1963 साली जन्मलेली व्हाइट ब्यूटी ही ‘पांढरी’ म्हणून नोंदली गेलेली तिथली पहिली थरोब्रेड. जपानमध्ये 1996 साली सनडे सायलेन्स या जवळपास काळ्या घोड्यापासून एका बे घोडीला शुभ्र शिंगरू झाले. तिचे नाव शिरायुकिहिमे. टेक्सासच्या रँचवर तिच्या मालकाला जाब द्यावा लागला असता. जपानमध्ये तिची पांढरी म्हणून नोंद झाली, तिच्यापासून पैदास झाली, आणि तिची नात सोदाशी हिने 2020 साली हानशिनची दोन वर्षांच्या शिंगरींची पहिल्या दर्जाची शर्यत जिंकली. पांढऱ्या घोड्याने त्या दर्जाची शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी ओका शो ही क्लासिक शर्यतही तिने मैदानाचा विक्रम मोडून जिंकली. रंगाने तिला वेग दिला नाही. नोंदीने तिला धावायची संधी दिली.

रंग हीच ज्यांची ओळख आहे, अशाही जाती आहेत. इंग्लंडचा सफोक हा नांगराचा घोडा फक्त चेस्टनट असतो आणि आजचे सगळे सफोक 1768 साली जन्मलेल्या एका नराकडे पोचतात. हॉलंडचा फ्रिजियन काळाच हवा. चेस्टनटचे जनुक वाहणारे नरसुद्धा तिथे पैदाशीतून वगळतात. वेल्सच्या पोनीला अबलख सोडून सगळे रंग चालतात, शेटलंडच्या पोनीला ठिपके सोडून सगळे. एक्समूरच्या पोनीच्या अंगावर पांढरी खूण असली तर नोंद नाकारण्याची रीत दीर्घकाळ होती. त्या लोकांचे आपल्या जनावरावरचे प्रेम मी नाकारत नाही. पण फ्रिजियनांची संख्या 1913 च्या सुमारास इतकी घसरली होती की नोंदवहीत तीनच नर उरले होते. आज त्या जातीत बुटकेपणा आणि डोक्यात पाणी साचणे हे आनुवंशिक दोष आढळतात. त्याचे मूळ मुख्यतः त्या घसरणीत आहे. एवढ्या आटलेल्या रक्तातून निव्वळ रंगासाठी आणखी घोडे काढून टाकणे जातीला परवडणारे नसते.

हे सारे आज आपल्याकडे सांगण्याचे कारण आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली आपली भीमथडी अलीकडेच देशाच्या मान्यताप्राप्त घोड्यांच्या जातींत नोंदली गेली. एकेकाळी मराठी फौजेला वाहून नेणारा हा काटक घोडा आज मुख्यतः भटकंती करणाऱ्या धनगरांनी जगवला आहे. बिऱ्हाड, कोकरे, भांडी आणि लेकरे पाठीवर घेऊन तो घाट चढतो. त्यांच्या कळपात तांबडी, करडी, अबलख सगळ्या रंगांची तट्टे मी पाहिली आहेत. धनगर त्यांना रंगावरून निवडत नाही. ओझे घेऊन किती चालते, थोड्या चाऱ्यावर टिकते का आणि पावसात पाय धरते का, हे तो बघतो. जातीची खरी कसोटी तीच आहे.

दुसऱ्या बाजूला बाजाराचा ओढा आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत गुलाबी कातड्याचा, पांढराशुभ्र नुकरा लग्नाच्या वरातीसाठी भाव खातो. तोच नुकरा शुद्ध मारवाडी मानायचा की नाही, यावर तिथेच वादही ऐकू येतात. बाजार एका रंगाला डोक्यावर घेतो, जाणकार त्याच रंगाला दाराबाहेर ठेवतात, आणि घोड्याचे पाय, छाती आणि स्वभाव कोणी पाहत नाही. भीमथडीच्या नोंदी पुढे वाढतील तसा हाच ओढा तिथेही येईल. कोणीतरी म्हणेल की खरी भीमथडी अमुकच रंगाची असते.

ज्यांच्या हाती ही नोंद आहे त्या पशुवैद्यांना, अधिकाऱ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. प्रत्येक शिंगराचा रंग जसा असेल तसा, कमीजास्त न करता, लिहा. पांढऱ्याची कड लाल शाईने नीट काढा. आयाळीचे केस मुळासकट घेऊन आईबाप तपासा. जनुकदोषाची शंका असेल तर चाचणी करा आणि तिचा निकाल मालकापासून लपवू नका. आईबाप सिद्ध झाले, शिंगरू निरोगी आहे आणि त्याच्या जातीचे काम ते करते, तर त्याला नोंदवहीत जागा द्या. रंगाचा रकाना घोडा ओळखण्यासाठी आहे, घोडा नाकारण्यासाठी नाही.